दीपगृहाची तिसरी खिडकी

टेसा,

बोट लवकर सुटतेय, म्हणून लिहून ठेवतोय. तुझं दीपगृह अजून माशांच्या टाकीत ठेवलेलं नाही, रागावू नकोस. खाऱ्या पाण्यात न विरघळणारी पुट्टी शोधलीस, ती दगडासारखी होईपर्यंत थांबलीस. मी असतो तर साधी माती थापली असती आणि टाकीत नुसता गाळ झाला असता.

फक्त कठडा तांब्याच्या तारेचा आहे. तांबं पाण्यात उतरलं की आपल्या कोळंब्या मरतील. माझ्या पेटीत गळाची जाड नायलॉन दोरी आहे, तिचा कर.

बाकी कशाला हात लावू नकोस. दोन खिडक्यांत तू आणि तुझी आई. तिसऱ्या खिडकीतला टोपीवाला मीच ना? तुझ्या आईशी लग्न होऊन चार वर्षं झाली, पण या घरात मी आज आलो असं वाटलं.

ग्रॅडी