ब्रेक का लागला नाही

मंगळवार, ४ मार्च

आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली शिरले. ब्रेकचे पाईप गंजून नुसते पापुद्रे झालेत — स्क्रूड्रायव्हर टेकवला तर कपची थेट डोळ्यात! मी शिलाई मशीन दुरुस्त करणारी बाई. माझ्या धंद्यात यंत्र टेबलावर असतं आणि मी खुर्चीत.

परवा अप्पांनी पिकअप मागे घेताना फाटक आडवं केलं. 'दाबला, पण लागलाच नाही,' एवढंच सांगतात. दादाने लगेच किल्ली खिशात घातली. 'ब्रेक नीट झाला तर चालवा, नाहीतर गाडी भंगारात.' अप्पा एकाहत्तर वर्षांचे. रोपांच्या कुंड्या दुकानादुकानांत पोचवायच्या, दोन घटका गप्पा मारायच्या, हाच त्यांचा दिवस. ते काढून घेतलं तर उरलं काय? दोन दिवस घरात पाहुण्यासारखे बसलेत. मला बघवेना. म्हटलं, अप्पा, मी करते. रविवारी तुम्ही चालवणार!

आई म्हणाली, 'झालं! आता दोघंही कामातून गेली.'

बुधवार, ५ मार्च

एक कोडं. ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरलेली! खाली जमीन कोरडी. पाईप गंजलेत खरे, पण गळत कुठेच नाहीत. मग त्या दिवशी ब्रेक लागला का नाही?

स्पेअर पार्टवाल्याला विचारलं. 'ताई, गंजलेत ना? मग बदला. एवढा विचार कशाला?' विचार कशाला म्हणजे! आतून चोंदले असतील म्हणून एक कापून पाहिला. आत स्वच्छ.

अप्पांना विचारलं — पेडल पोकळ लागलं की कडक? 'आता ते कुठे आठवायचं!' म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. पेपर उलटा नव्हता, एवढंच.

शुक्रवार, ७ मार्च

नवा पाईप जुन्यावर ठेवून वाकवला, वळणाला वळण जुळवून. मग हत्याराने टोक फुलवलं — गोल, सुबक, कुठे चीर नाही. स्वतःवरच खूश! आणि बघते तर नट बाकावर पडलेला. आधी नट ओवायचा, मग टोक फुलवायचं. आता फुगलेल्या टोकावरून तो जातोय होय!

अप्पा हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. 'अगं, मीही पहिल्यांदा हेच केलं होतं. प्रत्येक जण करतो.' टोक कापलं, सगळं पुन्हा. नटाला त्यांनी नाव ठेवलं नाडी, आणि त्यानंतर प्रत्येक पाईपाला खुर्चीतून आवाज — 'नाडी ओवलीस का?' दिवसभर तेच. वैताग आला, पण हसतायत तर हसू देत.

शनिवार, ८ मार्च

पाईप बसले. आता आतली हवा काढायची, त्याला दोन माणसं लागतात. अप्पा पेडलवर, मी चाकाशी.

'दाबा!' — 'दाबला.' — तोटी सैल, बुडबुडे, तोटी बंद — 'सोडा!'

चारही चाकं केली. मग पुढचं चाक जॅकवर चढवलं. अप्पांनी दाबून धरायचं, मी हाताने फिरवून बघायचं.

फिरतंय! जड जातंय, पण फिरतंय.

पुन्हा हवा काढली. पुन्हा फिरतंय. 'अप्पा, पूर्ण दाबलाय ना?' — 'अगं दाबलाय, किती वेळा सांगू!' चिडलेच माझ्यावर. सगळे जोड चाचपले. कोरडे ठणठणीत. तेल भरलेलं, हवा नाही, पाईप कोरे करकरीत. मग चुकतंय कुठे? डोक्याचा भुगा झाला — आणि खरं सांगायचं तर मजाही येतेय. असं कोडं वर्षानुवर्षांत भेटलं नव्हतं.

रविवार, ९ मार्च

अप्पा आंघोळीला गेले होते. आईला गाडीत बसवलं, म्हटलं एवढं पेडल दाब. तिने चपलेसकट दाबलं. चाक जागच्या जागी! मी दोन्ही हातांनी लोंबकळले, तसूभर हललं नाही.

'जमलं की!' आई ओरडली. मी वळले तर अप्पा उभे. खांद्यावर टॉवेल. स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होते.

'महिना झाला, जोरच येत नाही त्यात,' म्हणाले. 'तू पाईप म्हणालीस, मला बरं वाटलं.'

पाईपच खराब निघायला हवा होता.