तिसरी चढाई रेवतीची

३ फेब्रुवारी

हे काय ऐकलं मी आज!

अर्धी रजा टाकून रेवतीच्या कॉलेजची कबड्डीची मॅच बघायला गेलो होतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर जाणारी बाद. ही तिसरी चढाई नेहमी आमच्या रेवतीची. मला केवढा अभिमान! शेजारी कुमुदचे वडील बसले होते. कुमुद म्हणजे संघातली सगळ्यात मोठी खेळाडू. त्यांना मी म्हटलंसुद्धा, की कठीण वेळी सर माझ्याच मुलीला पाठवतात. ते रोहतकचे, मोकळा माणूस. मोठ्यानं हसले. "अरे भाईसाब, कुमुद आउट हो गई तो टीम गई. आपकी वाली हो भी जाए तो क्या!"

तो क्या!

पुढची मॅच मला दिसलीच नाही.

४ फेब्रुवारी

गावच्या शाळेत आम्ही लाल मातीत खेळायचो. ज्याच्या छातीत दम, तो जायचा. कोणाला जपायचं आणि कोणाला खर्ची घालायचं, असा विचार कोणी करत नव्हतं. की करत होते, आणि मला कळलं नाही?

नीलाला सांगितलं. ती म्हणाली, "आपली पोरगी खूश आहे ना? मग तुम्ही कशाला मध्ये पडता?"

६ फेब्रुवारी

शेवटी रेवतीलाच विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं! बुटाची नाडी बांधत म्हणाली, "हो बाबा. मी आउट झाले तरी चालतं, म्हणून मलाच पाठवतात. सिंपल आहे." भाजी कोणी आणायची ते सांगावं, तसं!

"वाईट नाही वाटत?"

"आधी वाटायचं. आता मजा येते यार. आणि बाबा, सरांकडे जायचं नाही हं. बिल्कुल नाही."

विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर आली आहे. त्या एका निवडीसाठी ही पोर दोन हिवाळे अंधारात उठून धावते आहे. सारखी बाद होणारीला कोण घेईल?

९ फेब्रुवारी

गेलो.

राठी सर मैदानाच्या कडेला चहा पीत होते. हात जोडून म्हटलं, तिलाही साध्या चढाया द्या, निवडायला येणाऱ्यांना तिचा खेळ दिसू दे. त्यांनी कप खाली ठेवला. "पक्का? फिर तीसरी किसको दूँ? साधना को?"

साधना रेवतीची मैत्रीण. आमच्याकडे येते, मागून मागून थालीपीठ खाते.

मी हो म्हणून मान हलवली.

१० फेब्रुवारी

पूजेला बसलो. मागायला शब्दच सुचेनात. रेवतीचं भलं कर म्हणायचं, म्हणजे साधनाला पुढे कर म्हणायचं? दिवा लावला आणि तसाच उठलो.

१७ फेब्रुवारी

निवडीची मॅच. रेवती साध्या चढायांना गेली, नीट परत आली, थोडे गुणही आणले. तिसऱ्या सगळ्या साधनाच्या. दोनदा बाद झाली. एकदा मात्र चौघी अंगावर, ती खाली दाबलेली, नुसता हात मधल्या रेषेकडे सरकतोय— पोचला! माझ्या तोंडून "शाब्बास!" निघून गेलं.

परतताना मेट्रोत रेवती म्हणाली, "तुम्ही सरांना भेटलात ना?"

"हो."

ती खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर नुसता बोगदा.

१९ फेब्रुवारी

निवड झाली. साधनाची!

निवडणाऱ्या बाई राठी सरांना म्हणाल्या, साध्या चढाया करणाऱ्या आमच्याकडे खूप आहेत, तिसरीला जाणारी एकही नव्हती. हे मला रेवतीनंच सांगितलं. आवाज चढवला नाही. मग म्हणाली, "साधनाकडे पेढे घेऊन चाललेय. येता?"

उठलो. चपला पायात जाईनात.