कापसाच्या गोदामातलं वाक्य

सर, यंदा आमच्या पोरांनी सिनेमा केला, आणि तो जमला. खरं तर एवढंच सांगायचं होतं, पण कुठलीही गोष्ट मुळापासून ऐकल्याशिवाय तुमचं समाधान होत नसे, म्हणून मुळापासून सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून शिकत होते. आज याच घाटंजीत मी मुलांना नाटक शिकवते आणि मुलं मला मॅडम म्हणतात. अब्बांच्या गॅरेजमध्ये येऊन तुम्हीच त्यांना म्हणाला होतात, "तुमची पोरगी इथून बोलते तं बस स्टँडवर ऐकू येते. तिले नाटकात द्या." अब्बा हातातला पाना खाली ठेवून म्हणाले होते, "ले जाओ मास्टरजी, इधर तो सबके कान पक गए." अशी मी तुमच्याकडे आले.

दिवाळीनंतर, सरकी काढतात त्या जिनिंगच्या गोदामात कापसाचे ढीग पत्र्याला टेकायचे. बाजाराच्या दिवशी यंत्रं बंद असत, तेव्हा तुम्ही मला तिथे न्यायचा. मी या टोकाला, तुम्ही त्या टोकाला आणि मध्ये नुसता कापूस. मी जीव तोडून वाक्य म्हणायची आणि पलीकडून तुम्ही ओरडायचा, "नाही आलं! कापसानं पिऊन टाकलं! अजून म्हण!" एकदा मी रडकुंडीला येऊन विचारलं, "सर, कायले एवढं ओरडा लागते?" तुम्ही ढिगाला वळसा घालून आलात. नाकावर, मिशीवर तंतू चिकटलेले. म्हणालात, "शेवटच्या रांगेत बसते तो बी माणूसच आहे ना? इथं ऐकू आलं तं दुनियेत कुठंबी ऐकू जाईन." माझी सगळी कमाई त्या आवाजाची आहे, सर. मीही पोरांना तेच शिकवत आले.

आणि यंदा पोरं म्हणाली, सिनेमा करू. गोष्ट त्यांनीच रचली. जिनिंगमधल्या हमालाच्या मुलीला दूरच्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळतो आणि ते बापाला कसं सांगावं हे तिला कळत नाही, एवढीच. कॅमेरा एका मुलाच्या मामाचा, लग्नाचं शूटिंग करतात त्यांचा. लग्नसराई लागायच्या आत तो परत द्यायचा होता. पहिल्याच दिवशी आमची नाटकवाली मंडळी जेवणाच्या प्रसंगाला बसली ती चुलीच्या एकाच बाजूला, तिघं ओळीत, कॅमेऱ्याकडे तोंड करून. प्रेक्षकाला पाठ दाखवायची नाही, हे मीच त्यांच्या हाडीमाशी भिनवलेलं. कॅमेऱ्यावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे जेवण आहे का ग्रुप फोटो?" सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं.

खरी अडचण मुलीचं काम करणारीची होती. ती मुकुटबनची. चौकातल्या पथनाट्यात तिला माइक लागत नाही, माझ्या हाताखालची सगळ्यात चांगली नटी. "बाबा, मले जा लागते," एवढंच वाक्य तिला बापाजवळ बसून म्हणायचं होतं. ती म्हणायची आणि कॅमेऱ्यावरचा मुलगा कानावरचे हेडफोन उपटून काढायचा. हळू म्हण म्हटलं की आवाज मरायचा, तोंडातल्या तोंडात राहायचा. कॅमेरा परत द्यायच्या आदल्या दिवशी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "मॅडम, माह्यं काम दुसऱ्या कोणाले द्या. मी स्टेजचीच बरी." तिचे डोळे भरलेले. मी एवढंच म्हटलं, उद्या शेवटचं एकदा करून पाहू. तुम्ही मला दिलेलं आणि मी तिला दिलेलं सगळं त्या छोट्या यंत्रापुढे खोटं ठरत होतं, आणि मला तुमचा राग आला, सर. मेलेल्या माणसावर रागावून काय होणार, पण आला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाहेर भोंगे आणि मोटरसायकली, एक वाक्य धड रेकॉर्ड होईना. मुलगा म्हणाला, "आवाजच नाही अशी जागा पाह्यजे." आणि मी एकदम म्हटलं, जिनिंग! मालकानं परवानगी दिली, पण आगीच्या भीतीनं लाइट लावायचे नाहीत या अटीवर. म्हणून दाराच्या उजेडात दोघांना कापसाला टेकून बसवलं. मी सवयीनं चालत गोदामाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे उभी राहिले आणि सर, मला काय झालं कोण जाणे, मी तिकडून ओरडले, "पोरी, आज मले ऐकू आलं तं तुह्यं चुकलं! बाजूले बसला त्यालेच फक्त ऐकू जाऊ दे! बाकीचं कापसाले पिऊ दे!"

मी कान देऊन उभी. काहीच ऐकू येत नाही. ती बोलली की नाही तेही कळत नाही. मग ढिगाआडून कॅमेऱ्यावरचा मुलगा किंचाळला, "आलं! मॅडम, आलं!" मी धावत गेले. त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावले. बाबा, मले जा लागते. इतकं हळू, आणि एकेक अक्षर सुटं, पोटातून आलेलं. हळू बोलायलाही दमच लागतो, सर. तो दम तुमचाच होता. मी त्या पोरीला उचलायला गेले, झेपली नाही, आणि आम्ही दोघी कापसात पडलो.

कॉलेजच्या मैदानात पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवला. पोरांचे आईबाप आले, मामा आले, पार मारेगावहून पाहुणे आले. ते वाक्य आलं तेव्हा खोकणारासुद्धा थांबला. शेवटी टाळ्या थांबेनात. तिचे खरे वडील लाजून सगळ्यात मागे बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले तर डोळे पुसत म्हणाले, "घरी एवढं बोंबलते मॅडम, पण आज पहिल्यांदा मले तिचं सारं ऐकू आलं." मी जिंकले, सर. आपण जिंकलो.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. सिनेमात माझाही एक प्रसंग होता. हेडमास्तरीण होऊन मी मुलीला निरोप देते. पोरं घाबरत घाबरत आली आणि म्हणाली, "मॅडम, राग नका येऊ देजा, पण तुमचा सीन कापा लागते." मी ऐटीत म्हटलं, कापा. तुम्हाला असं काही सांगायची आमची छाती नव्हती, म्हणून त्यांचा अभिमानही वाटला. पण घरी येऊन दोन दिवस मी फुगून बसले होते. तो कापलेला तुकडा मी गुपचूप मोबाइलवर मागून घेतलाय. घरात कुणी नसलं की लावते. फार मोठ्यानं बोललेय मी त्यात. ऐकताना डोळे मिटले, तर बोलणारे तुम्हीच असता.