बदकांच्या अकरा रांगा

मला भ्रम झालाय, हे तू आपल्या सुनेच्या हातून लिहवून घेतलंस ते वाचलं. चार ओळींचं पत्र, त्यात दोनदा 'काळजी घ्या'. भ्रम झाला असेल तर तुला. नातीच्या लग्नातल्या साडीचा पदर तीन हात लांब झाला, तो मी शुद्धीवर असताना झाला. (डोळे मिटलेले होते. शुद्ध डोळ्यांत नसते.)

आता रीतीने लिहिते. धाकटीस थोरलीचा आशीर्वाद. गुडघा वाकतो का? यजमानांचा खोकला कसा आहे? थांबवू नकोस गं त्यांचा खोकला. घरात कसला तरी आवाज हवा, हे मला उशिरा कळलं.

तर झालं असं. नातीनं ठरवलं की लग्नाची साडी दुकानातली नको, हातमागावर विणलेलीच हवी. लेकाला कामं, सुनेला कामं, मग विणकरावर लक्ष कोण ठेवणार? मी. सून म्हणाली, "आई, तुम्ही काही बोलू नका, नुसत्या समोर बसा, तो भराभर विणेल." (म्हणजे माझं तोंड कशाच्या उपयोगी आहे ते तिनं सांगून टाकलं.) रोज जेवण झालं की छत्री घेऊन मी निघायचे. विणकराची खोली लांबट, बोळासारखी. निम्मी खोली मागानं खाल्लेली, खिडकीतून उजेड थेट रेशमावर पडतो. रंग पिकल्या जांभळाचा. विणकर काटकुळा, मुका म्हणावा इतका गप्प, पाय मागाखालच्या खड्ड्यात सोडून बसलेला. दोघांचं बोलणं त्याची बायको एकटीच बोलते, कोपऱ्यात चरख्यावर रेशमाच्या कांड्या भरता भरता. मला भिंतीशी खुर्ची दिली, आणि पहिल्याच दिवशी मी खुर्चीत गाढ झोपले.

हसू नकोस. हे गेल्यापासून दोन वर्षं मला झोप नाही, तुला ठाऊक आहे. गोळ्या झाल्या, कोमट दूध झालं, सुनेनं मोबाइलवर समुद्र लावून दिला तोही झाला. आणि इथे मागाची खट्, मग आडवा धागा नेणारा धोटा सरकल्याची सुर्रर्र, मग पुन्हा खट्. अगं, हुबेहूब यांचं घोरणं! शेवटचा तो थोडा अडकून येणारा श्वाससुद्धा होता, मागाचं एक लाकूड सैल आहे त्याचा. प्रेमाबिमाचं काही मनात आणू नकोस. गिरणीशेजारी पन्नास वर्षं राहिलेल्याला गिरणी बंद पडली की झोप लागत नाही, तेवढंच.

पण त्या झोपेत काय काय दिसतं म्हणून सांगू! मी साडीवरून अनवाणी चालत असते. खाली रेशीम, थंडगार, पाय टेकला की जरासं दबतं आणि पुन्हा वर येतं. धोटा होडीसारखा आडवा जातो, तो गेला की एक पाऊल टाकायचं, परत आला की थांबायचं. घाई नाही, कुणी हाक मारत नाही. पुढे पदरावरचे हंस चालतात (विणकर हंस म्हणतो, मला ती बदकंच दिसतात). एकदा काठावर हे बसलेले दिसले, चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावर होता. मी सांगितलं नाही. सापडला असता तर उठून कुठेतरी निघाले असते, आणि ते एका जागी बसलेले मला आयुष्यात पहिल्यांदाच बरे वाटले.

माग थांबला की मी जागी व्हायचे. त्यामुळे बिचाऱ्याला चहासुद्धा धड पिता येईना, आणि साडी ठरल्या दिवसाच्या आधीच संपत आली. पदरावर पाच रांगा ठरल्या होत्या. पाचवी झाली, खटखट थांबली, मी डोळे उघडले आणि म्हटलं, आणखी एक रांग. दुसऱ्या दिवशी आणखी एक. एका मागावर दोन साड्यांचे उभे धागे एकदम चढवतात, एक विणून झाली की पुढे दुसरी. विणकर त्या दिवसांत एकच वाक्य बोलला, "आजी, आपण पुढच्या साडीत शिरलो." मी म्हटलं, शीर. त्याची बायको म्हणाली, "झोपा हो खुशाल, पण झोपेत हुकूम सोडू नका." अकरा रांगा झाल्या तेव्हा लेक न्यायला आला आणि कात्री लागली.

घरी नातीनं नेसून बघितली. पदर खांद्यावरून जमिनीवर, तिथून टेबलाखाली, शेवटची बदकं दाराबाहेर चपलांपाशी. लेकानं कपाळाला हात लावला. नात हसून हसून खाली बसली, म्हणाली, "आजी, साडी मी नेसते, बदकं तू हाक." सगळ्यांनी मिळून ठरवलं, आईचं डोकं चालत नाही. मी नाही म्हटलं नाही. झोपायला जात होते म्हटलं असतं तर पुन्हा गोळ्या सुरू झाल्या असत्या.

बाकी क्षेम.

तुझी थोरली

ता.क. पुढची साडी शाळेच्या मोठ्या बाईंची होती. बाई खांबासारख्या उंच, उरलेल्या धाग्यांत मावेनात, रागावून दुसऱ्या विणकराकडे गेल्या. आता ते तीन हात कमी धागे मागावर तसेच ताणलेले आहेत, आणि माग गप्प आहे. नऊ दिवस झाले. मी नऊ दिवस छत बघते आहे. आपल्या घराण्यात तेवढ्या साडीत मावणारी बाई एकच, तू. लहानपणी तुला बुटकी म्हटलं ते सगळं मागे घेते.

ता.क. दुसरा. उभे धागे जांभळेच आहेत, पण आडव्या धाग्यांचा रंग तुला निवडायचाय. पटकन निवडू नकोस. आधी हिरवा लिही, मग मोरपंखी, मग विचार करते म्हण. तोवर मी छत बघेन, पण तुझी पत्रं तरी येतील. फोन करू नकोस, इथे सगळ्यांचे कान फोनला असतात. उत्तर तूच लिहायचं, आपल्या हातानं. सुनेला लिहायला लावशील तर ती पहिल्याच पत्रात रंग कळवून मोकळी होईल.