चार कार्डं आणि सुके बोंबील

बोईसर,
मंगळवार, दुपार

ती. स्व. भगवंतदादास,

साखरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, गुडघ्यांना तो मंजूर नाही.) तुझा खांदा कसा आहे? वहिनींच्या तेलाने गुण येतोय की नुसताच वास? पालघर हाकेच्या अंतरावर असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस उत्तर ऐकायच्या आधीच मार्क देऊन मोकळा होतो. पत्रात मध्येच बोलता येत नाही, आणि पोस्टात हयात घालवल्यावर मला त्या खात्याबद्दल थोडी माया आहे.

तर माझा दम. त्या डॉक्टरने (त्याच्या वयापेक्षा माझी नोकरी जुनी) मला नळीत फुंकायला लावलं. काटा जायला हवा तीनशेच्या वर, तो एकशे ऐंशीला अडकला. म्हणाला, "आजी, पंप घ्या, रोज चाला. महिन्याने पुन्हा फुंकू. फरक नसेल तर तिसरा मजला सोडावा लागेल." लिफ्ट नसलेल्या या घरात मी एकटी सुखाने राहते, ते कुणाला बघवत नाही. शेजारी वैभवी बसली होती. माझी मुलगी म्हणजे हुकमाची वाटच बघत होती. त्याच आठवड्यात तिने पुण्याला माझ्यासाठी खोली रिकामी केली आणि पडदेही लावले. जांभळे. मला न विचारता.

म्हणून मी तुला फोन केला होता, की दोष माझ्या फुप्फुसांचा नाही, इथल्या हवेचा आहे, आणि अशा हवेत चालणं म्हणजे आत्मघात, हे मला सिद्ध करून दे. तू इतक्या उत्साहाने हो म्हणालास, तिथेच मला शंका यायला हवी होती. तू सांगितलंस, चार पांढरी कार्डं, त्यांवर व्हॅसलीनचा पातळ थर, एक फाटकावर, एक मैदानातल्या कडुनिंबाला, एक गच्चीत आणि एक "तुलनेसाठी" स्वयंपाकघरात. महिनाभर सकाळ-संध्याकाळ भिंगातून बघून चिकटलेली धूळ वहीत लिहायची. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून ताठ चालायला शिकवलं, कार्डाला व्हॅसलीन फासायला नाही. तरी फासलं. वॉचमन विश्रामने दोन दिवस आदराने विचारलं, की मॅडम, हे डासांसाठी आहे का. तिसऱ्या दिवशी तोच इतरांना तसं सांगू लागला.

चौथ्या दिवशी जिन्यात दम खात उभी असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. हवा वाईट निघाली तर वैभवी मला त्याच दिवशी पुण्याला नेणार. चांगली निघाली तर मला चालावं लागणार. दोन्हीकडून हरायचा प्रयोग मी स्वतःच्या हाताने मांडला होता. पण फाटकावर कार्डाखाली माझं नाव लिहिलेलं होतं. माघार कशी घेणार?

नवव्या दिवशी निकाल लागला. फाटकाचं कार्ड करडं, गच्चीचं त्याहून फिकट, कडुनिंबाला एक मुंगी आणि थोडे परागकण. आणि स्वयंपाकघराचं कार्ड तव्याच्या बुडासारखं काळं. मी ते दारात उजेडाला धरून उभी असताना मासवणची जिवली भाजीची पाटी घेऊन आली. आत माझे सुके बोंबील भाजत होते. रोज भाजते. आणि रोज सगळ्या खिडक्या लावून भाजते, धूर ओढायच्या पंख्यावर वर्तमानपत्र चिकटवून. कारण पाच वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरची प्रियंका (नवऱ्याच्या वीजकेंद्रातल्या नोकरीमुळे साताऱ्याहून आलेली, घर शाकाहारी) जिन्यात म्हणाली होती, "काकू, आज काय केलंत?" मी ती तक्रार समजले. सभ्य माणसाला दोनदा सांगावं लागत नाही.

जिवलीने पाटी खाली ठेवली, खोकली आणि म्हणाली, "बाय, आमचे कुडाचे घराला पन धूर जायाला वाट हाय. तुमी येवढ्या शिकल्या, नि वाट बुजवून बसल्या."

दादा, मी त्या दिवशी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि घासाघीस न करता भाजी घेतली.

काल महिना भरला. काटा दोनशे साठ. डॉक्टरने नळी झटकून पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा तेच. तिसरा मजला राहिला. आता हे खिडकीमुळे, पंपामुळे की जिन्यामुळे? तू म्हणशील, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. ते परीक्षानळीला सांग, तिला मुलगी नसते. पण काल वहीतल्या नोंदी चाळताना लक्षात आलं, की महिनाभर रोज दोनदा मी गच्चीपासून मैदानापर्यंत चढउतार करत होते. मला चाल म्हणणाऱ्या प्रत्येकाशी मी भांडले. एक तूच म्हणाला नाहीस. त्याबद्दल तुझे उपकार आहेत. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
साखर
(नाव आजीने ठेवलं. जीभ माझी मी कमावली.)

ता. क. खिडक्या उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी प्रियंका खाली आली. मी माफीची दोन वाक्यं तयार ठेवली होती. ती म्हणाली, "काकू, तेव्हा विचारलं तर तुम्ही दारच लावून घेतलंत. सासूबाई गावाला गेल्यात. दोन बोंबील मिळतील?"

ता. क. २. दोनाचे पुढे बरेच झाले, त्यामुळे बरणी रिकामी आहे. रविवारी येताना पालघरच्या बाजारातून चांगले सुके बोंबील आण. वैभवीही येणार आहे, प्रयोग बघायला. स्वयंपाकघराचं कार्ड तिला दिसलं, तर म्हणेल, आईला एकटं ठेवण्यात अर्थ नाही, आणि ते जांभळे पडदे पुन्हा डोकं वर काढतील. म्हणून कार्डं तीनच होती. तुला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे. ती विचारेल तेव्हा तोंडात बोंबील असू दे.