वैशाखातली पाहणी

साहेब, आज आपल्या नियोजन कार्यालयातल्या बैठकीत शेंद्र्याजवळच्या मोठ्या वसाहतीला मंजुरी मिळाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असं काही झालं की आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं.

मी नवा होतो तेव्हा एका प्रकल्पाच्या अहवालात 'पाणी मुबलक' असं लिहून मोकळा झालो होतो. तुम्ही गारखेड्याच्या घरी, स्वयंपाकघरात चहा गाळत होता. कागद वाचून म्हणालात, "भाद्रपदात प्रत्येक विहीर सावकार असते रे. तिची झडती वैशाखात घ्यायची." आणि फाईल उन्हाळ्यापर्यंत दाबून ठेवलीत. तुमची पद्धतच ती. बिल्डरांना वाटायचं, साहेब काहीतरी मिळायची वाट बघतायत. एक जण मिठाईच्या डब्याखाली पाकीट ठेवून गेला. तुम्ही ते निरोपासकट परत पाठवलंत, "पाकीट नको, बाबा. वैशाख पाहिजे."

आता वैशाखापर्यंत थांबायला कुणालाच सवड नाही. ठरल्या मुदतीत शेरा द्यावा लागतो. मी पाहणीला गेलो ते नवरात्राच्या तोंडावर. जागेवरची विहीर काठोकाठ भरलेली. मेंढरांना पाणी पाजणारी एक बाई विचारते, "सायेब, इथं एवढी घरं झाल्यावर ही हीर आमाला ऱ्हाईल का?" मी म्हणतो, बघू. "बघू म्हंजी? उन्हाळ्यात दुसरीकडं कुठंच पाणी नसतंय वो." तिचं म्हणणं मी अहवालात घातलं. उन्हाळ्यात पुन्हा पाहणी व्हावी, तोवर मंजुरी देऊ नये, असंही लिहिलं आणि आज बैठकीत वाचून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, "करा की पाहणी, मंजुरीनंतर." लगेच पुढचा विषय निघाला. मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. चहा आला, तो प्यायलो. वैशाखात त्या बाईला काय सांगायचं, हेही नुसतं मनात येऊन गेलं.

जिना उतरताना मागून बिल्डरच्या माणसाचा आवाज आला, "ह्यांना पाकीट पोचलं नव्हतं वाटतं." असंच तुमच्याबद्दल बोलायचे, साहेब. आज दिवसभरात तेवढंच काय ते आतपर्यंत गेलं. हे पत्र काही टपालात पडणार नाही, म्हणून सांगतो. त्या बाईची विहीर गेली, आणि जिन्यात मला बरं वाटलं.