रिकाम्या देवळाचा फोटो

आर्णी. शुक्रवार, रात्र

देशातल्या जुन्या वास्तूंचे, पहिल्या प्रवासी छायाचित्रकारांनी काढलेले फोटो शाळेत लावून पायांचे तुकडे पडलेत. खिचडी शिजवणारी कमळी एका देवळाच्या फोटोपुढेच थांबली. "इथं मानूस काहून नाही, बाई?"

म्हटलं, तेव्हाच्या कॅमेऱ्याला वेळ लागायचा. चालती माणसं उमटायचीच नाहीत.

"आमचा तांडाबी असाच दिसते. औंदाही कापूस गेला, सारे ऊस तोडाले गेले. मीबी उद्या जाऊन राह्यली, पोरीले घेऊन."

पोरगी सातवीत, हुशार. मी कशी बोलून गेले, "तिला माझ्याकडे ठेव"?

कमळी फोटोतल्या देवळाच्या रिकाम्या अंगणाकडे पाहत राहिली. "ठेवतो. पन तिच्याशी बोलत जा. तिले सुनं घर सोसत नाही."

संध्याकाळीच तिला आणून सोडलं. आल्यापासून पोरगी बोलतेच आहे. माझे डोळे मिटताहेत, तरी लिहिता लिहिता तिला हुंकार देते आहे.